स्लो मोशनमधली बाई

विश्वास ठेवा नाहीतर हसा... पण हे माझ्या मावसबहिणीबरोबर खरंच घडलंय. अजून घडतंय.

मी दिपाली, खर्डीची. यंदा मे महिन्यात टोकावड्याला तिची, म्हणजे प्रियांकाची हळद होती. शूटिंग माझ्या भावाकडे, हरेशकडे. लग्नाचे व्हिडिओ हाच त्याचा धंदा.

ऐन दुपार. बेंजो वाजत होता, हळद उधळली जात होती. हरेशने तेवढा भाग स्लो मोशनमध्ये घेतला. म्हणजे कॅमेरा सेकंदाला नेहमीपेक्षा दहापट फ्रेम टिपतो. नंतर त्या सावकाश चालवल्या की सगळं संथ दिसतं.

संध्याकाळी तो लॅपटॉपवर क्लिप बघत होता. अचानक मला हाक मारली.

"दिपा, ही बाई कोण गो?"

स्क्रीनवर हळद हवेत तरंगत होती. मावशीचा हात सावकाश वर जात होता. नाचणारी पोरं उडी मारून वर गेली ती खाली यायलाच तयार नव्हती.

आणि त्या सगळ्यांमधून एक बाई... साध्या चालीने चालत येत होती.

आपण रोज चालतो तशी.

हिरवं लुगडं. ओले केस. चहूकडे हळद उडत होती, पण तिच्या अंगावर एक कणही नव्हता.

हरेशने क्लिप मागे नेऊन परत लावली. "सगळी हळू आन् ही एकटीच अशी? म्हणजे मांडवात किती जोरात गेली असंल, बघ. म्हणून कोणाला दिसलीच नाय."

ती प्रियांकाजवळ थांबली. वाकली. तिच्या कानाशी ओठ हलले.

त्या क्लिपला आवाज नव्हता...

मग आम्ही मांडव सजवतानाचा, मोजक्याच फ्रेमचा फास्ट मोशन व्हिडिओ उघडला. माणसं मुंग्यांसारखी पळत होती. ती बाई कुठेच नव्हती.

मी तशीच प्रियांकाकडे गेले. "हळदीच्या टायमाला तुझ्या कानात कोण बोललं गो?"

ती दचकली. "कोण नाय... वारा शिरला कानात."

लग्न झालं. ती शेणव्याला नांदायला गेली.

भातलावणीच्या दिवसांत तिच्या सासूबाईंचा फोन आला. आधी कौतुक चाललं होतं.

"पोर लय चपळ हाय. मी चहा टाकून बाहेर आली, तर अख्खं खाचर लावून मोकळी!"

मग आवाज खाली आला.

"पन लावताना तिला कोणी बघितलंच नाय गो..."

गणपतीत ती माहेरी आली. मी तिला ओळखलंच नाही. तेवीस वर्षांची पोर... कानशिलावर पांढरे केस, हातांवर सुरकुत्या.

आम्ही तिला शहापूरला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मनगट धरलं. सोडलं. परत धरलं. नाडी मोजताच येईना.

घरी आल्यावर मी तिला मागच्या पडवीत जवळ घेतलं. "प्रियू, काय होतंय तुला?"

माझं बोलणं संपायच्या आतच ती रडत होती.

"मला काय नाय झालं. तुमीच हळू झालात. तू एक शब्द बोलतेस, तोवर मी किती वाट बघते, तुला काय सांगू..."

"मग तोवर करतेस काय?"

"पयलं एकटं वाटायचं. आता सोबत असते."

"कोणाची?"

माझ्या मिठीत कोणीच नव्हतं.

मागच्या दाराची कडी हलत होती...

त्यानंतर ती आम्हाला दिसलेली नाही. शेणव्याला म्हणतात, घरातच असते. ताटातलं जेवण संपलेलं असतं.

अधूनमधून तिचा फोन येतो. अर्धी रिंग... आणि बंद. परवा कसाबसा उचलला. पलीकडे नुसती बारीक, घाईची किरकिर. रातकिड्यासारखी. एक शब्द कळला नाही.

हरेश म्हणतो, "कॉल रेकॉर्ड झालाय ना? हळू करून ऐकू. काय सांगते ती कळंल तरी."

मी अजून हो म्हटलेलं नाही.

त्या किरकिरीत मला दोन आवाज ऐकू येतात...