चारशे सतराची शेवटची नोंद

हरणाबाईंच्या बिऱ्हाडाची शिस्त पिढ्यांची होती. तांबडं फुटताच सून प्रांजल आठ महिन्यांच्या शिवतेजला घेऊन घोड्यासह पुढे निघे आणि मुक्कामी चूल मांडी. मागून मेंढरे हाकीत हरणाबाई आणि मुलगा तानाजी येत. दुसरा नियमही तितकाच कडक होता : वाटेत मेलेल्या मेंढीचे मरण कळप घरी परतेपर्यंत कोणी उच्चारायचे नाही.

म्हणून विट्याच्या माळावर लांडग्याने चारशे सतरा नंबरची मेंढी नेली, तेव्हा हरणाबाईंनी पशुवैद्य उत्कर्षाला ती नोंद करू दिली नाही. प्रत्येक मेंढीच्या कानात पिवळा बिल्ला होता. तो यंत्रासमोर धरला, की संगणकात ठिकाण, वेळ आणि वजनाची नवी ओळ चढे. जुन्या ओळी पुसल्या जात नसत. शेवटची तेवढी खरी मानायची.

"माझ्या कळपाचं मरण तू ठरवणार व्हय?" हरणाबाईंनी तिला सुनावले होते.

तिसऱ्या दिवशी उत्कर्षाचा फोन आला. चारशे सतराची शेवटची नोंद कराडची होती, आदल्या दुपारची. वजन एकतीस किलो. कळप तर कराडात आत्ता शिरत होता, आणि यंत्र विट्यात तिच्या कपाटात कुलूपबंद होते.

"यंत्राला ताडी पाजलीस काय गं?" हरणाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी नोंद मल्हारपेठेची निघाली. कळपाच्या पुन्हा एक मुक्काम पुढे. वजन एकोणीस.

त्याच्या पुढच्या दिवशी पाटणच्या वाटेवर, भर उन्हात, फोन वाजला.

"आत्ताची नोंद आहे, आजी. पाटणची. सात किलो दोनशे."

विट्याच्या अंगणवाडीतल्या काट्यावर शिवतेजचे वजन तेवढेच भरले होते.

मेंढरे तानाजीवर सोडून हरणाबाई धावल्या. फोन हातात तसाच चालू राहिला.

पाटणच्या मुक्कामावर चूल पेटली होती. प्रांजल भाकरी थापत होती.

"कोण आलंवतं?"

"कोन न्हाई, आत्याबाई."

झोळीत शिवतेज निजला होता. हरणाबाईंनी टोपडे सरकवले.

कानात पिवळा बिल्ला होता. जखम जुनी, भरून आलेली.

"आजी," फोनमधून उत्कर्षा म्हणाली, "आता तरी मेली म्हणून लिहू ना?"

हरणाबाईंनी तोंड उघडले. आवाज फुटेना.

"गप्प राहिलात, म्हणजे होकारच समजते."

पलीकडे बोटांची टकटक सुरू झाली.