उलटतपास नाही

नक्कल विभाग आमच्या न्यायालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखाली आहे. दोन टेबलं, एक लोखंडी कपाट, एक झेरॉक्स मशीन आणि भिंतीत एक चौकोनी खिडकी. खिडकीतून अर्ज आत जातो आणि चार-आठ दिवसांनी कागदाची नक्कल बाहेर येते. आत बसणाऱ्या कारकुनांना आम्ही सगळे शिक्केभाऊ म्हणतो. ‘मुळाबरहुकूम खरी नक्कल’ हा शिक्का ते तीस वर्षं मारत आलेत आणि तो कधी तिरका पडलेला कुणी पाहिलेला नाही.

मी वकील आहे. फौजदारी खटले, आरोपीची बाजू, बावीस वर्षं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही आणि पोलिसांच्या पंचनाम्यांवर त्याहून कमी आहे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून कुणी बाईच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणायला नको.

चावीवाल्याचा खटला माझ्याकडे आला तेव्हा तो जवळजवळ संपलेला होता. निवृत्त झालेली एक नर्स तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. एका बुधवारी तिचा उशीने जीव घेतला गेला. गुरुवारी संध्याकाळी तिचा भाचा इमारतीच्या वॉचमनला घेऊन आला, दोघांनी दार फोडलं आणि भाच्याने आत जाऊन पाहिलं. दागिने गेले होते. त्याआधी कुलपाला कुणी हात लावल्याची खूण नव्हती. मग पोलिसांनी शोध तो काय घ्यायचा? सोमवारीच एका चावीवाल्याने नर्सला दुसरी किल्ली करून दिली होती. कोपऱ्यावर छत्रीखाली बसणारा माणूस. त्याला छत्रीसकट उचलला.

आरोपपत्र दाखल व्हायच्या आधीच एका चॅनेलने त्याच्यावर तीन भागांचा कार्यक्रम केला होता. सत्य घटनेवर आधारित म्हणे! त्यात एक नट अंधाऱ्या जिन्यात किल्ल्यांचा जुडगा वाजवत चढतो आणि मागे ढोल घुमतात. माझ्या सख्ख्या जावेने तो बघितला आणि मी खटला घेतल्यावर मला म्हणाली, “अहो, तुम्ही त्याला सोडवणार? त्याचे डोळेच कसे होते बघा ना.” ते नटाचे डोळे होते, हे मी तिला दोनदा सांगितलं. तिला ते पटलं नाही.

चावीवाल्याला मी तुरुंगात भेटले. पन्नाशीचा, बारीक, बोटांना लोखंडाचा वास अजून गेलेला नव्हता.

“मॅडम, किल्ली मी केली,” तो म्हणाला. “एकच केली. बाई म्हणाल्या, भाच्याला द्यायचीय. हे मी पहिल्या दिवसापासून सांगतोय. कुणी विचारतच नाही हो.”

“तुमच्या आधीच्या वकिलांनी?”

“ते हसायचे फक्त.”

ते खरंच हसायचे. त्यांना न्यायालयात हसरे वकील म्हणूनच ओळखतात. सरकारने आरोपीला फुकट दिलेला वकील. आता बढती मिळून दुसरीकडे गेलेला. मी फाइल उघडली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. अकरा साक्षीदार. प्रत्येकाच्या जबानीखाली तेच दोन शब्द : ‘उलटतपास – नाही’. एका माणसाला जन्मठेप होऊ घातलीय आणि त्याच्या वकिलाने अकरा माणसांना मिळून एक प्रश्न विचारलेला नाही! भाजी घेतानासुद्धा आपण याहून जास्त विचारतो.

फाइल फाटकी होती म्हणून मी सगळ्या जबान्यांच्या नकला मागवल्या. आल्या, आणि दुपारी ऑफिसात वाचताना साक्षीदार क्रमांक चार, म्हणजे भाचा, याच्याशी थांबले. ‘उलटतपास’ या शब्दापुढे ‘नाही’ नव्हतं. खाली चार ओळी होत्या.

प्रश्न : खोलीत अंधार होता का?
उत्तर : होता.
प्रश्न : दिवा कसा लावला?
उत्तर : दारामागे हात घालून.

चला, म्हटलं, हसऱ्यांनी एकदा तरी तोंड उघडलं. मी त्यांना फोन केला.

“मी? छे!” ते म्हणाले. “मी त्या केसमध्ये कुणालाच काही विचारलं नाही. काय विचारणार बाई? किल्ली याने केली, ती मेली. न्यायालयाचा वेळ का घालवायचा?”

मी फोन ठेवला, कारण पुढचं जे तोंडावर आलं होतं ते बार कौन्सिलला आवडलं नसतं.

मग मी मूळ कागद पाहायला गेले. मूळ जबानीत ‘उलटतपास – नाही’ असंच होतं आणि त्याला चिकटून भाच्याची सही, न्यायाधीशांची सही. मध्ये चार ओळी मावतील एवढी जागाच नव्हती. मी नक्कल शेजारी ठेवली. बाकी अक्षर न् अक्षर तेच.

तरी त्या ओळींनी मला एक काम लावलं. भाच्याने जबानीत नुसतं म्हटलं होतं, ‘मी दिवा लावला.’ कसा, ते नाही. मी उरलेल्या साक्षी पुन्हा चाळल्या. साक्षीदार क्रमांक सात, वायरमन. त्याला बोलावलं होतं ते चावीवाल्याला नर्सच्या घरी पाहिलं एवढं सांगायला. पण जाता जाता तो बोलून गेला होता : ‘सोमवारी मी पलंगाशेजारचं दिव्याचं बटण काढून दारामागे बसवत होतो, तेव्हा हा माणूस किल्ली घेऊन आला.’

भाचा शपथेवर सांगत होता की तीन महिन्यांत तो त्या घरी फिरकला नव्हता. मग अंधाऱ्या खोलीत त्याचा हात जुन्या जागी, पलंगाकडे जायला हवा होता. दोन्ही साक्षी एकाच फाइलमध्ये, चार पानांच्या अंतरावर, कित्येक महिने पडून होत्या. न्यायाधीशांनी वाचल्या, सरकारी वकिलांनी वाचल्या, हसऱ्यांनी बहुधा वाचल्याच नाहीत. एक माणूस त्या चार पानांमध्ये चिरडला जात होता आणि कुणाला काही वाटत नव्हतं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिक्केभाऊंपुढे ती नक्कल ठेवली. त्यांनी चष्मा पुसला, मूळ पाहिलं, नक्कल पाहिली.

“बाई, माझ्या मशीनला लिहिता येत नाही,” ते म्हणाले.

“मग माझ्यासमोर काढा एक.”

त्यांनी मूळ कागद काचेवर पालथा घातला, झाकण लावलं. हिरवा उजेड एकदा सरकला. कागद बाहेर आला तो मी उचलला, गरम होता. आता ओळी आठ होत्या.

प्रश्न : त्याआधी त्या घरी कधी गेला होतात?
उत्तर : तीन महिन्यांपूर्वी.
प्रश्न : मग बटण दारामागे आहे हे कोणी सांगितलं?
उत्तर : मावशीने दाखवलं.

शिक्केभाऊंनी झाकण उघडून मूळ कागद पुन्हा पाहिला. मीही पाहिला. ‘नाही’ तिथेच होतं. बाहेर खिडकीवर कुणीतरी टकटक करत होतं, त्यांनी लक्ष दिलं नाही.

“शिक्का मारू का?” त्यांनी विचारलं. “मुळाबरहुकूम म्हणायचं, तर मूळ कुठलं?”

“मारा,” मी म्हटलं.

त्यांनी मारला. तिरका पडला.

ती नक्कल न्यायालयात दाखवण्याचा प्रश्नच नव्हता. मीच बनावट कागद केला म्हणून आत गेले असते. मी ती टेबलाच्या खणात ठेवली आणि भाच्याला पुन्हा साक्षीला बोलावण्याचा अर्ज केला. सरकारी वकील तासभर भांडले. न्यायाधीश वैतागून म्हणाले, “एकच साक्षीदार. अर्धा तास. उद्याच.”

भाचा वेळेवर आला. इस्त्रीचा शर्ट, नीट भांग. मावशीबद्दल बोलताना आवाज जड करायचा त्याला छान सराव झाला होता. माझ्या डावीकडची खुर्ची रिकामी होती. आरोपीच्या बाजूने दुसरा वकील असतो कुठे?

“खोलीत अंधार होता का?”

“होता.”

“दिवा कसा लावला?”

“दारामागे हात घालून.”

तेच शब्द. सरकारी वकील मोबाइल बघत होते.

“त्याआधी त्या घरी कधी गेला होतात?”

“तीन महिन्यांपूर्वी.”

मी पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं. पण भाचा माझ्याकडे बघत नव्हता. तो रिकाम्या खुर्चीकडे बघत होता, कुणाचं तरी बोलणं ऐकताना बघतात तसं. मान किंचित कलती.

“थांबा ना,” तो चिडून म्हणाला. “एकेकीने विचारा. दोघी एकदम काय?”

न्यायाधीशांनी मान वर केली. “दोघी कोण?”

भाच्याने उत्तर दिलं नाही. निदान त्यांना नाही.

“मावशीने दाखवलं,” तो खुर्चीला म्हणाला. “तूच दाखवलंस की. बुधवारी.”

टायपिस्टची बोटं थांबली.

“कुठल्या बुधवारी?” मी विचारलं. आवाज माझाच होता, एवढं मी खात्रीने सांगते.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग न्यायाधीशांकडे. मग पाणी मागितलं.

आरोपीच्या पिंजऱ्यात चावीवाला उभा होता. तो मोठ्याने रडायला लागला आणि त्याला गप्प बसायला कुणी सांगितलं नाही.

दागिने पाच दिवसांनी भाच्याच्या सासरी सापडले. किल्लीही तिथेच होती. एकच. महिनाभराने चावीवाला निर्दोष सुटला, दीड वर्षानंतर. चॅनेलने चौथा भाग केला नाही. हसरे वकील मला एका समारंभात भेटले आणि म्हणाले, “नशीब बाई तुमचं!” मी म्हटलं, “नशीब नव्हे. प्रश्न विचारला.” आजूबाजूचे दहाजण ऐकत होते, तरी मी सुनावायचं तेवढं सुनावलं. तुम्हाला झोप कशी लागते, हेही विचारलं. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होते.

पुढच्या सोमवारी दुपारी बाराला शिक्केभाऊंचा फोन आला. “बाई, जरा खाली या.”

जुन्या फाइली नष्ट करायच्या आधी त्यांची एक प्रत काढून ठेवतात. ते काम चालू होतं. टेबलावर वीस वर्षांपूर्वीची एक फाइल होती. गोदामाला आग लावून आत झोपलेल्या हमालाला मारल्याचा आरोप. आरोपी तिथलाच रखवालदार. मला चेहरा आठवला नाही, त्याची खाकी टोपी आठवली. वकिली सुरू करून मला दोनच वर्षं झाली होती. सरकारने दिलेली वकील मीच होते. शिक्षा लागली आणि पाचव्या वर्षी तो तुरुंगात छातीच्या दुखण्याने गेला. मला कुणीतरी सांगितलं होतं. मी अरेरे म्हटलं होतं आणि डबा उघडला होता.

शेवटचा साक्षीदार गोदामाचा मालक होता. मूळ कागदावर, माझ्याच सांगण्यावरून लिहिलेलं, स्वच्छ : ‘उलटतपास – नाही’.

“ही नक्कल,” शिक्केभाऊ म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. शिक्का मारलेला नव्हता.

मी कागद घेतला. एकच प्रश्न होता.

प्रश्न : वकीलबाई, त्या दिवशी साडेतीनला तुम्हाला नव्या घरासाठी पडद्यांचं कापड बघायला जायचं होतं, हे खरं आहे का?
उत्तर :

पुढे जागा कोरी होती. आणि त्याखाली, जिथे साक्षीदाराची सही असते तिथे, माझं नाव टाइप केलेलं होतं. लग्नाआधीचं.