आले सगळे

डॉक्टरांना या सगळ्यातून काय मिळणार होतं, ते आधी सांगतो. एक वाक्य. 'स्थापनेपासून आजपर्यंत मंडळाने एकही माणूस मागे ठेवलेला नाही.' आमच्या भटकंती आणि वारसा मंडळाचा इतिहास छापला जाणार होता आणि पहिल्याच पानावर, अध्यक्षांच्या, म्हणजे डॉक्टरांच्याच, फोटोखाली हे वाक्य बसणार होतं. त्याच्या जोरावर खाणीची जुनी कचेरी संग्रहालयासाठी मिळणार होती आणि दारावर डॉक्टरांचं नाव लागणार होतं. डॉक्टर दातांचे. समोरच्याचं तोंड उघडं ठेवायचं आणि बोलायचं आपण, ही सवय त्यांना धंद्यानं लावलेली.

वहिनींना हवी होती नेमकी उलटी ओळ. की त्यांचे यजमान पळून गेले नाहीत, आम्ही त्यांना बोगद्यात ठेवून आलो.

खाणीचा हा बोगदा डोंगराच्या पोटातून आरपार जातो. सरळ, नळीसारखा. कुठे फाटा नाही, कोनाडा नाही. खाण चालू असताना पाळी सुटली की मुकादम तोंडाशी उभा राहून हाक द्यायचा, "आले का सगळे?" सगळ्यात मागचा कामगार आतून उत्तर द्यायचा, "आले सगळे!" मग फाटक लागायचं. खाण बंद पडली, फाटक भंगारात गेलं, हाक मात्र मंडळानं वारसा म्हणून उचलली. दर वर्षी एकदा त्याच बोगद्यातून जायचं, पुढे अध्यक्ष, शेवटी एक जण. त्याला आम्ही शेपूट म्हणायचो. उत्तर आलं की माणसं मोजायची नाहीत, हा डॉक्टरांचा नियम. "शाळेची सहल आहे का ही?" असं विचारून ते पुढे चालू लागायचे.

वहिनींचे यजमान शेपूट होते त्या वर्षी उत्तर आलं. सगळ्यांनी ऐकलं. बसमध्ये मात्र ते नव्हते. आम्ही बोगदा पुन्हा पाहिला, पोलिसांनी पाहिला. रिकामा. मग डॉक्टरांनी हिशेब मांडला, की उत्तर आलं म्हणजे माणूस बाहेर आला, आणि बाहेर येऊन घरी गेला नाही म्हणजे पळाला. गावाला हे फार सोयीचं वाटलं. वहिनी पोस्टात लागल्या. तिकिटासाठी आलेली माणसं सुट्टे पैसे परत घेता घेता विचारायची, "काही कळलं का हो?" त्या "नाही" म्हणून पुढच्याला बोलवायच्या. त्या खिडकीतच त्यांचे केस पांढरे झाले.

मी मंडळाचा चिटणीस. इतिहासासाठी जुनं सामान लावायचं काम माझ्याकडे आलं. आमच्यातला रेडिओ दुरुस्त करणारा दर भटकंतीला टेपरेकॉर्डर गळ्यात अडकवून यायचा. पाखरांचे आवाज धरायचे म्हणून. पाखरं कमी आणि आमची धापच जास्त. सायकलच्या दुकानावरच्या आमच्या खोलीत, खालून येणाऱ्या रबराच्या वासात, मी त्या टेपा ऐकत बसलो.

त्या वर्षीची टेप आधी लावली. डॉक्टरांची हाक. मग आतून एक छोटासा, ओलसर खोकला, आणि "आले सगळे."

पुढच्या वर्षीची लावली. शेपूट दुसरं होतं. तोच खोकला. "आले सगळे."

त्याच्या पुढची लावली. मग उठून खिडकी उघडली, उगाचच.

एका वर्षी शेपूट असलेल्या शिंप्याला गाठलं.

"मी? मी कशाला ओरडतोय? माझ्याआधीच कुणीतरी उत्तर देऊन मोकळं झालं. मला वाटलं बेकरीवाला. माझ्या पुढे तोच होता."

बेकरीवाला हसला. "शिंपीच तो. आवाज माझ्या मागून आला. चांगला लांबून."

"शिंप्याच्या मागे कोण होतं?"

"त्याच्या मागे कोण असणार? शेपूट तो."

एवढं बोलून तो पावांच्या ट्रेकडे वळला आणि मी दुकानाबाहेर पडेपर्यंत वळलेलाच राहिला.

वहिनींना बोलवावं की नाही, यावर मी बरेच दिवस घालवले. शेवटी त्याच आल्या. खुर्चीत ताठ बसून त्यांनी सगळ्या टेपा ऐकल्या. रडल्या नाहीत. शेवटची संपल्यावर चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "यांची सर्दी अजून गेली नाही."

जरा वेळानं म्हणाल्या, "त्या दिवशी मफलर खुंटीलाच राहिला. मी मागून हाक मारली होती. जिन्यावरूनच म्हणाले, आलोच."

टेपा घेऊन आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी हात धुतले, ऐकलं, पुन्हा हात धुतले.

"टेपवर टेप चढली असेल. जुन्या वस्तूंचं असंच."

"आवाज यांचा आहे, डॉक्टर."

"वहिनी, मी तुमचं दुःख समजतो..."

"समजू नका. ओळ घाला."

डॉक्टरांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग त्यांना एकदम सुचलं आणि चेहरा उजळला. फुकटात औदार्य करायला मिळालं की तो नेहमीच उजळायचा.

"असं करू. या वर्षी शेपूट तुम्ही व्हा. मी हाक देईन. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणा, नाही आले. तसं म्हणालात तर माझं वाक्य मी स्वतः खोडतो आणि तुमची ओळ घालतो. चिटणीस साक्षीला. आहे कबूल?"

"कबूल," वहिनी म्हणाल्या. त्यांना फक्त एक शब्द जास्त बोलायचा होता.

त्या दिवशी ऊन होतं. बोगद्याच्या तोंडापर्यंत गवत वाढलेलं. आत शिरताच ऊन पाठीवरून कोणी काढून घ्यावं तसं गेलं. ओल, गंज, पायाखाली सुटलेली खडी. पुढे डॉक्टरांचा टॉर्च आणि त्याच्याही पुढे, दुसऱ्या टोकाला, उजेडाचा बटणाएवढा ठिपका. शेवटून दुसरा मी. माझ्या मागे वहिनींच्या काठीचा आवाज. काठीच्या मुठीला मफलर गुंडाळलेला.

मध्यावर कुठेतरी काठी थांबली.

"वहिनी?"

"चला तुम्ही. मी आहे."

मी चाललो. पण कान मागेच होते. त्यांचा आवाज आला, हळू, घरातल्या घरात बोलावं तसा.

"घ्या हा आधी. गुंडाळून घ्या नीट."

हे मला नव्हतं.

ठिपका मोठा होत गेला, त्याचं दार झालं, आम्ही उन्हात आलो. डॉक्टर वळले आणि दोन्ही हात तोंडाशी धरून त्यांनी हाक दिली.

"आले का सगळे?"

आत खोकला झाला. मग पुरुषाच्या आवाजात, "आले सगळे."

शिंप्यानं बेकरीवाल्याचा दंड धरला. मी वहिनींच्या त्या एका शब्दाची वाट पाहत होतो. आयुष्यभर त्यांनी तोच शब्द त्या खिडकीत लोकांना दिला होता.

"आले सगळे," वहिनी म्हणाल्या. आवाज स्वच्छ होता. समाधानी होता.

आम्ही आत धावलो. बोगदा रिकामा. काठी भिंतीला नीट टेकवून ठेवलेली. मफलर नव्हता.

"तिनंच सांगितलं ना?" डॉक्टर काठीकडे न बघता म्हणाले. "सगळ्यांनी ऐकलं."

पुस्तक निघालं, वाक्यासकट. दारावर नाव लागलं. गाव म्हणालं, म्हातारी शेवटी नवऱ्याकडे गेली. गावाचं म्हणणं इतकं बरोबर पहिल्यांदाच निघालं असेल.

पुढच्या वर्षी शेपूट व्हायला कोणी तयार होईना. शिंप्याचा गुडघा दुखायला लागला, बेकरीवाल्याची भट्टी बिघडली. "चिटणीस आहेत की," डॉक्टर म्हणाले.

मी शेवटी राहिलो. मागे पाहिलं नाही. ठिपका मोठा होऊ लागला होता, पुढच्यांची डोकी त्यात काळी दिसत होती. ती एकेक करून बाहेर पडली. डॉक्टरांची हाक आली.

माझ्या पाठीमागे, अगदी जवळ, पुरुषाचा आवाज.

"आले सगळे."

खोकला नव्हता.

मग वहिनींचा.

मग तिसरा. त्यातला घोगरेपणा ओळखीचा होता. टेपा लावून स्वतःचा आवाज मी पुष्कळ ऐकला आहे.

मी तोंड उघडलेलं नव्हतं.

ठिपक्यात डॉक्टर उभे होते. त्यांनी टॉर्च विझवला, पाठ फिरवली, आणि बाकीचे त्यांच्यामागून बसकडे निघाले. मी ओरडलो. मग चालू लागलो. अजून चालतो आहे.

तेव्हा हिशेब असा. डॉक्टरांना वाक्य मिळालं. वहिनींना यजमान मिळाले, यजमानांना मफलर. भरलं ते मी. पाठीमागे दोघं हळू आवाजात घरातलं काहीबाही बोलत येतात, आणि समोरचा ठिपका पुन्हा बटणाएवढा झाला तो बटणाएवढाच.