फळा पुसायचा राहिला

"मावशी, माझ्यावर आलंय," भाची फोनवर म्हणाली. आवाज कोरडा होता. रडून झालेलं कळत होतं. "चार वाजता पाणी समितीच्या अध्यक्षबाई येणार. मग पोलीस."

मंगळवार, दुपारचे साडेबारा वाजत होते. मावशीने चपला पायात सरकवल्या.

तीस वर्षं ती लोकांचे बिघडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करत आली होती. सगळं स्वतःचं स्वतः शिकून. पदवीवाले मशीन घेऊन तिच्या मागच्या दाराने यायचे आणि पुढच्या दाराशी तिला अडाणी म्हणायचे.

भाची जलशुद्धीकरण केंद्रात होती. शहराच्या पाण्यात क्लोरीन किती सोडायचा ते तिथला प्रोग्राम ठरवायचा. त्याचं गणित करणारी लायब्ररी, म्हणजे तयार सूत्रांचा संच, फुकट मिळणारी होती. कुणीही उघडून वाचावी अशी. भाचीने तिचा सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता येणारा मूळ मजकूर, उतरवून घेतला, गुरुवारी तिथल्याच मशीनवर कंपाइल केला, म्हणजे त्यातून मशीनला चालवता येणारी फाईल बनवली, आणि ती इन्स्टॉल केली. सोमवारी सकाळी फिटरने क्लोरीन मोजणारा सेन्सर धुवायला काढला. आकडा आला नाही की प्रोग्रामने क्लोरीनचा व्हॉल्व्ह बंद करायचा, असा नियम. उलट तो सताड उघडला. टाकीच्या काठावर उभा असलेला फिटर आता ऑक्सिजनवर होता आणि शहराचं पाणी बंद होतं.

केंद्राच्या पायरीवरच विभागप्रमुख भेटले. सगळे त्यांना नुसतं साहेब म्हणत. त्यांनी फोनमधून मान वर केली नाही.

"मावशी, आज उशीर? आधी माझी केबिन पुसा. फळाही पुसून घ्या, बाई यायच्यात."

अशा माणसांना साडी दिसते, आतली बाई दिसत नाही. मावशीने मुकाट्याने कोपऱ्यातली बादली उचलली.

केबिनच्या भिंतीवर साहेबांनी स्वतः सही करून एक इंग्रजी सूचना डकवली होती. वर ठळक 'फायनल'. त्यात एन दोनदा. मावशीला शुद्धलेखनाची खोड होती. तिला खटकलं. फळ्यावर निळ्या शाईत लिहिलं होतं: एका फेरीचा हिशेब, आधी नऊ सेकंद, सोमवारपासून दोन. अध्यक्षांना दाखवणे.

तिने फरशी लख्ख पुसली. फळ्याचा फोटो काढला आणि फळा तसाच ठेवला.

कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर नखं खात बसला होता.

"रविवारी ड्युटीवर कोण?"

"मीच."

"आणखी?"

"साहेब येऊन गेले. छत्री राहिली म्हणाले."

"किती वेळ होते?"

"दीडेक तास."

"छत्री शोधायला दीड तास?"

ऑपरेटर फिसकन हसला आणि त्याने लगेच दाराकडे पाहिलं.

"मशीनचं काही वेगळं?"

"पंखा बोंबलत होता. पाऊण तास तरी. गुरुवारी ताई काम करत होत्या तेव्हा बोंबलला, अगदी तसाच. म्हटलं धूळ असेल."

"पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना." त्याने स्क्रीनच्या कडेला चिकटवलेल्या पिवळ्या कागदाकडे बोट दाखवलं. "एकच आहे. साहेब म्हणाले, उगाच भानगड नको."

शहराच्या घशाची किल्ली दाराला टांगलेली, आणि ही मंडळी चोर शोधायला निघालेली.

भाची आतल्या खोलीत वही छातीशी धरून बसली होती.

"कंपाइल व्हायला किती वेळ लागला?"

"चाळीस मिनिटं. मग चाचण्या. तीनशे अठरा. सगळ्या पास."

"आकडा न आल्याची चाचणी?"

"दोनशे चार नंबरची. तीही पास." तिने वहीचं पान पुन्हा तपासलं. "मावशी, माझंच काही चुकलं असेल का गं?"

"आधी बघू, मग रड. तयार झालेल्या फाईलचा ठसा लिहून ठेवलास?"

"शेवटची आठ अक्षरं. हे बघ."

एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी फाईलचा ठसा बदलतो. मावशीने मशीनवरच्या फाईलचा ठसा काढला. आठपैकी एकही अक्षर जुळलं नाही.

"ही माझी फाईलच नाही," भाची पुटपुटली.

"नाहीच. पण हे कळायला या लोकांना अक्कल लागेल. तेवढी आपण बाहेरून आणलीय."

मग तिने फाईलच्या पोटातले वाचता येतील तेवढे शब्द स्क्रीनवर ओतले. हजारो ओळी सरकल्या. एका ओळीवर बोट थांबलं.

"हे फोल्डर तुझं?"

"नाही. असं फोल्डर या मशीनवर नाहीच."

"आत्ता नाही," मावशी म्हणाली.

चार वाजता अध्यक्षबाई खुर्चीत बसल्या. साहेबांनी घसा खाकरला.

"फुकटची वस्तू आणली की हेच व्हायचं, मॅडम. या मुलीने न विचारता..." त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. "मावशी, फरशी नंतर."

"फरशी झाली," मावशी खुर्ची ओढून बसली. "मी हिची मावशी. सख्खी. साहेब, एक विचारू? तुम्हाला कंपाइल करता येतं?"

"तसली हमाली मी करत नाही."

"त्या लायब्ररीला हात लावलात?"

"कधीच नाही."

"छान," मावशी अध्यक्षबाईंकडे वळली. "बाई, हिने गुरुवारी बसवलेली फाईल रविवारी कुणीतरी बदलली. ठसे जुळत नाहीत, वही समोर आहे. रविवारी पंखा पाऊण तास बोंबलत होता, म्हणजे कुणीतरी ती पुन्हा कंपाइल करत होतं. आवारात दोघेच होते, ऑपरेटर आणि छत्रीवाले साहेब. पासवर्ड गावजेवणासारखा सगळ्यांना खुला, त्यामुळे नोंदीतून माणूस कळत नाही. अपघात झाल्यावर त्याने फोल्डरही पुसून टाकलं. वाटलं, सुटलो."

"मग?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"मडक्यावर कुंभाराची बोटं उठतात तसं आहे हे. ज्या फोल्डरात कंपाइल करावं त्याचा पत्ता तयार फाईलच्या पोटात राहतो. या पत्त्यात फोल्डरचं नाव आहे फायनल. त्यात एन दोनदा." तिने कागद सरकवला. "साहेबांच्या भिंतीवरच्या सूचनेतही दोनदाच. या इमारतीत एवढा उदार माणूस एकच आहे."

साहेब हसायला गेले. जमलं नाही.

"पण कशासाठी?" अध्यक्षबाई म्हणाल्या.

"वेगासाठी. फळ्यावर त्यांच्याच अक्षरात आहे. नऊ सेकंदांचे दोन. श्रेय तुमच्यासमोर घ्यायचं होतं. कंपाइल करताना जलद गणिताचा एक पर्याय देता येतो. लायब्ररीच्या सूचनांमध्ये ठळक लिहिलंय, तो देऊ नका. कारण तो दिला की मशीन धरून चालतं, येईल तो आकडाच येईल. मग 'हा आकडा आहे का' ही तपासणी त्याला फालतू वाटते आणि ते ती गाळून टाकतं. सोमवारी सेन्सर निघाला. आकडा नव्हता. विचारणारं कुणी उरलं नव्हतं."

"चाचण्या केल्या असत्या तर?"

"दोनशे चार नंबरची तिथेच आपटली असती. पण चाचण्यांना वेळ लागतो, आणि साहेबांना घाई होती."

"मला वाटलं नव्हतं की..." साहेबांचा आवाज चिरकला. "मी फक्त सुधारणा करत होतो. मावशी, तुम्ही जरा समजून घ्या."

"चूक मी समजून घेतली असती. सोमवारी सकाळी फिटर खोकत पडला तेव्हाच तुम्हाला कळलं होतं. तेव्हा तोंड उघडायचं सोडून तुम्ही फोल्डर पुसलंत आणि या पोरीकडे बोट दाखवलंत. ती चूक नव्हे, नीचपणा आहे. आणि मावशी म्हणू नका. मी तुमची कुणी नाही."

मावशी उठली.

"फळा तेवढा पुसायचा राहिलाय, साहेब. मुद्दामच ठेवलाय. पोलिसांना वाचता येईल."

अध्यक्षबाई तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवत भाचीकडे वळल्या. "पाणी पुन्हा सुरू करायला किती वेळ लागेल?"

"नव्याने कंपाइल करावं लागेल. चाळीस मिनिटं. चाचण्यांचा वेळ वेगळा."

"थोडं लवकर..." बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"बसा," भाची म्हणाली, आणि तिने सोर्स कोड पहिल्यापासून उघडला.