मागचे पाटे बसले

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण यात माझ्या पदरचं एक अक्षरही नाही. जिच्यासोबत हे घडलं ती एस्तेर माझी सख्खी धाकटी बहीण. गेल्या वर्षीची दोन नोव्हेंबरची संध्याकाळ. पुणतांब्याहून नगरला येणारा रस्ता.

त्या दिवशी आम्हा ख्रिस्ती लोकांत गेलेल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतात. त्यासाठी एस्तेर साडेतीन वर्षांच्या सिल्व्हियाला घेऊन नगरच्या सावेडीहून सासरच्या गावी, पुणतांब्याला गेली होती. नवरा अँड्र्यू कामावर. त्यामुळे मायलेकींना परत सोडायला सासरे निघाले. एलियाबाबा. आणि त्यांची जुनी बोलेरो.

या गाडीवरून बापलेकांत कायमची जुंपलेली. अँड्र्यूनं नवी गुळगुळीत एसयूव्ही दारात आणली, तेव्हा बाबांनी वाकून खाली बघितलं होतं.

"हिला चेसी कुठंय रं? ही तर टाचा उंच करून हुबी राह्यलेली कार हाय!"

"बाबा, तुमच्या गाडीत बसलं की दातांतलं सिमेंट निघतं."

"निघू दे. माझी गाडी काय लपवत न्हाई. मागं कांद्याची एक गोणी टाकली तरी मला हितं स्टेअरिंगवर कळतं."

एस्तेर या भांडणात नवऱ्याच्या बाजूची. झोपलेलं लेकरू खड्ड्यागणिक दचकतं, कोणत्या आईला आवडेल?

अंधार पडला होता. एस्तेर पुढं बसलेली. मधल्या सीटवर सिल्व्हिया तिच्या ओढणीत गुंडाळून झोपलेली.

राहुरीच्या अलीकडं ती उठली. "मम्मी, शू आली."

बाबांनी उसाच्या कडेला गाडी घेतली. दिवे चालूच ठेवले. एस्तेरनं तिला उतरवलं, परत आणून सीटवर निजवलं, दार लावलं आणि पुढं येऊन बसली.

आणि तेवढ्यात...

कर्रर्र...

मागचे पाटे, चाकांवरच्या पोलादी पट्ट्या. सावकाश. एखादं जड माणूस पायरीवर पाय देऊन आत चढावं, तसे खाली बसले.

गाडीचं नाक वर झालं. पुढं रस्त्यावर पडलेला हेडलाईटचा उजेड हळूहळू रस्ता सोडून उचलला गेला... आणि समोरच्या लिंबाच्या शेंड्यात जाऊन थांबला.

एस्तेरनं झटकन वळून बघितलं.

सिल्व्हियाशिवाय मागं कुणीच नव्हतं. मागचं दार बंद. खाली एक रिकामी गोणी.

"बाबा... हे काय झालं?"

बाबांनी गिअर टाकला. 

"मागं बघू नको."

चढ आला तशी गाडी धापा टाकायला लागली, दहा-बारा माणसं भरल्यासारखी. दिवे झाडांच्या शेंड्यांवरच. समोरून येणारे ट्रकवाले डिपर मारत होते, शिव्या घालत होते. बाबांनी काच वर केली.

मग मागून आवाज आला... सीटवरून कुणी सरकल्याचा.

सिल्व्हिया उठून बसली होती. पार खिडकीला चिकटून.

"काय गं बाळा? नीज ना."

"जागा देते."

"कुणाला?"



एस्तेरनं मागं हात घालून तिचं मनगट पकडलं. गरम, मऊ, रोजचंच. पण सिल्व्हियाचा दुसरा हात... तो हवेत वर उचललेला होता. कुणीतरी बोट धरून ठेवल्यासारखा.

 एस्तेरनं धरलेलं मनगट सोडलं नाही.

"जो कोन आसंल त्यानं उतरावं," बाबा आरशात न बघता म्हणाले. "आमी तुमचं काय बी वाकडं केलं न्हाई. ह्ये लेकरू आमचं हाय."

पाटे हलले नाहीत.

सावेडीत बिल्डिंगसमोर गाडी थांबली. दिव्यांचे दोन गोळे थेट पहिल्या मजल्याच्या गॅलरीवर. अँड्र्यू हसत खाली आला.

"काय बाबा, लोकांना आंधळं करताय का?"

एस्तेर काही बोलणार, त्याआधी त्यानं दार उघडून सिल्व्हियाला खांद्यावर घेतलं.

कर्रर्र...

गाडीची मागची बाजू वर आली. सगळी. उजेड गॅलरीवरून घसरत भिंतीच्या तळाशी आला.

तेरा किलोचं लेकरू. त्याचं एवढं वजन?

अँड्र्यू जिना चढत होता. काहीतरी गंमत सांगत. एस्तेर जागची हलली नाही.

"बाबा, उतरलं का ते?"

बाबांनी टोपी काढून हातात घेतली. "उतरलं, पोरी... पन पोरीसंगंच उतरलं."

फादर येऊन घरात प्रार्थना करून गेले. सिल्व्हिया जेवते, खेळते, बालवाडीत जाते. ताप नाही, काही नाही. "दाखव ना मला, काय झालंय तिला?" अँड्र्यू विचारतो. काय दाखवणार? त्याच्या मऊ गाडीत कुणी बसलं काय, उतरलं काय, ती गाडी काही सांगतच नाही.

आता त्यानं बोलेरोला गिऱ्हाईक बघितलंय. बाबांना हल्ली नीट दिसत नाही, गाडी नुसती उभी कशाला, म्हणतो.

एस्तेर माझ्याकडे येऊन रडली. "ती गाडी गेली तर मला कळणार कसं गं ताई... ते गेलं, की अजून आहे?"

गेल्या रविवारी तिनं पुणतांब्याला गाडी घराच्या भिंतीसमोर लावून घेतली. दिवे लावायला सांगितले. सगळ्यांना उतरवलं. मग सिल्व्हियाला एकटीला मधल्या सीटवर बसवलं आणि भिंतीकडं बघत उभी राहिली.

"काय दिसलं?" काल ती आली तेव्हा मी विचारलं.

ती पोरांकडं बघत राहिली. पोरं पलीकडे खेळत होती, सिल्व्हिया आणि माझा दोन वर्षांचा करण, एकमेकांचं बोट धरून. मग अगदी हळू म्हणाली, "उजेड वर गेला. अँड्र्यूला सांग ना ताई. ती गाडी विकायची नाही."

मी उठले. करणला उचलून कडेवर घेतलं.

तो रोजच्यापेक्षा जड लागला की मलाच तसं वाटलं... ते अजून मला ठरवता येत नाही.