जूनमधला रिकामा किनारा

पोहायचा चष्मा लावून गोलूनं बादलीत डोकं बुडवलं आणि खोकत बाहेर काढलं.

"ताई, किती वेळ राहिलो?"

"मोजलंच नाही," तृप्ती म्हणाली. तिचं लक्ष मोबाइलमध्ये होतं.

जवाहरनगरच्या त्यांच्या क्वार्टरमध्ये आठवडाभर दुसरा विषयच नव्हता. बाबांना फॅक्टरीतून जूनमध्ये एकदाची सुट्टी मिळाली होती. विदर्भातल्या शाळाही जूनच्या शेवटी उघडणार होत्या. सचिनमामानं लगेच कोकणातली सहल ठरवून टाकली. होडीतून आत जायचं, पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरायचं आणि प्रवाळ पाहायचं. मित्राकडून आलेला तिथला व्हिडिओ तो दिसेल त्याला दाखवत होता.

तृप्तीला मात्र एक गोष्ट खटकत होती. कुठलीही तारीख टाका, तिथल्या हॉटेलांतल्या सगळ्या खोल्या रिकाम्याच दिसत होत्या.

"मामा, सुट्ट्यांत तिथं कोणीच काहून नाही?"

"तीच तर मजा आहे. अख्खा किनारा आपला. तू कायले डोकं लावून राहिली?"

बाबा म्हणाले, "मामानं पाहिलं असंल ना सगळं." आई म्हणाली, "तू आधी बॅगेत भरायचे कपडे काढून ठेव." तृप्ती दात-ओठ खात बाहेर पडली.

शेजारच्या रीतानं तेवढं ऐकून घेतलं. दोघींनी तो व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिला. एका होडीच्या कडेवर मोबाइल नंबर रंगवलेला होता. रीतानं तो लावला. होडीच्या मालकीणबाईंनीच फोन उचलला.

"अगो बाय, आता खंयचा डायव्हिंग? पावसात समुद्र बंद असता. होड्या वर ओढून ठेवल्यात. गणपतीनंतर या."

तृप्ती धावत घरी आली. तिचं ऐकून मामा खो खो हसला.

"समुद्र बंद? तो का किराणा दुकान आहे?"

बाबाही हसले. "उद्या तिकिटं काढायची आहेत, बेटा. आता खोडा घालू नको."

तृप्ती जिन्यात जाऊन बसली. "सगळ्यात जास्त मलेच जायचं होतं," ती रीताला म्हणाली, "अन् सगळ्यायले वाटते, मीच नाट लावून राहिली."

"ऐकत नाहीत तर दाखवू," रीता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तृप्ती मामाला गोड आवाजात म्हणाली, "मामा, तिकिटं काढायच्या आधी एकदा टीव्हीवर समुद्र पाहू ना." मामा खूश झाला. त्यानं स्वतः सगळ्यांना बोलावून बसवलं. रीतानं फोन टीव्हीला जोडला.

पडद्यावर गढूळ, उसळता समुद्र दिसला. धो धो पाऊस पडत होता. झावळ्यांनी झाकलेल्या होड्यांजवळ छत्री धरून एक बाई उभ्या होत्या.

"हा कोणता जुना व्हिडिओ लावला?" मामा वैतागला.

"मामा, जरा हात हलव."

मामानं हात हलवला. पडद्यावरच्या बाईंनीही हात हलवला. तो होडीच्या मालकीणबाईंचा व्हिडिओ कॉल होता. "नमस्कार, भाऊ. ह्या वर्षी पाऊस लय आसा."

मामाचा हात तसाच वर राहिला. गोलू पोट धरून हसत सुटला. मामा पुटपुटला, "मी तर फक्त तो व्हिडिओच पाहिला होता."

"एवढ्या दूर जाऊन खोलीत बसलो असतो," बाबा म्हणाले. "शाबास, पोरींनो."

तृप्तीला वाटलं होतं, हे ऐकून छाती फुगेल. पण तिच्या हातून समुद्र गेला तो गेलाच होता.

"शाबास नको, बाबा. पहिल्यांदा सांगितलं तवाच ऐकायचं होतं."

मग बाबा उठून तिच्याजवळ येऊन बसले.

"चुकलंच आमचं. दिवाळीच्या सुट्टीत जाऊ. पण कधी, कसं, ते तूच ठरव. मामा बॅगा उचलंल."

तृप्तीचा राग अजून गेला नव्हता. तरी ती टीव्हीकडे वळली.

"काकू, दिवाळीत जमेल का? माझा भाऊ नऊ वर्षांचा आहे. त्याला खाली उतरू देता का?"

गोलू मध्येच बोलायला लागला. मामानं पटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"गप. तिले विचारू दे."