दोष कंपायलरचा

साकीनाक्याला मी गेले ती एका मशीनचा सर्किट बोर्ड बदलायला. तासाभराचं काम. शनिवारची दुपार होती. गाळ्यात पत्रे कापायची पावर प्रेस, आणि तिला चालवणारा, त्या बोर्डात भरलेला प्रोग्राम माझा. नियम एकच: दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली, तरच प्रेस खाली येणार. म्हणजे हात आत असायचा प्रश्नच नाही.

तरी आठ दिवसांपूर्वी प्रेसवरच्या कामगाराचा, सहदेवचा, हात आत सापडला होता.

"मॅडम, एवढंच सांगा," मालक चंद्रप्रकाशशेठ म्हणाले, "चूक तुमची होती का?"

त्या आठ दिवसांत मी धड झोपले नव्हते. कोडची ओळ न् ओळ वाचली. बरोबर होती. आपला कोड यंत्राच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर. आमच्या धंद्यात त्याच्यावर खापर फोडणाऱ्याला लोक हसतात. पण त्यानं उतरवलेलं उघडून पाहिलं, तर तिथे मी न लिहिलेला एक हुकूम होता. बटणं सुटली, की आणखी एकदा खाली ये. जुन्या कंपायलरमधून तोच कोड काढला, तर हुकूम गायब. खरं सांगते, मला रडू आलं. सुटल्याचं रडू.

"माझी नाही, शेठ. कंपायलरची."

सहदेवची बायको रुक्मिणी तिथेच पॅकिंगला बसली होती. तिनं मान वर केली. "ताई, ते म्हणतात, प्रेस नंतर पडली. आधी आतून कुणीतरी बोटं धरली..."

"धक्क्यात माणूस काहीही बोलतो, रुक्मिणीताई."

मी मेन स्विच पाडला. प्रेसचं मोठं चाक घरघरत, हळूहळू थांबलं. गाळा एकदम गप्प झाला. ऑइलच्या वासात आणखी कसलातरी गोडसर वास मिसळला होता. जुना बोर्ड उपसून मी हातात घेतला. नवा अजून खोक्यातच होता. शेठ फडका घेऊन साचा पुसायला वाकले.

"मॅडम... आत काहीतरी..."

मी वळले. त्यांचा खांदा आत ओढला जात होता.

"सोड! ए, सोड ना रे..."

प्रेस खाली आली.

रक्त माझ्या चष्म्यावर उडालं. हाडं फुटल्याचा आवाज किंकाळीच्या आधी ऐकू आला. रुक्मिणीनं आणि मी ते चाक हातांनी उलटं फिरवलं, तेव्हा कुठे त्यांचा हात सुटला. स्विच बंद होता. बोर्ड जमिनीवर पडला होता, कशालाच न जोडलेला. माझा कोड नाही, कंपायलर नाही. कुणीच नव्हतं तिथे.

साच्यातली बोटं मीच वेचली. बर्फाच्या पिशवीत घालून शेठबरोबर रिक्षानं हॉस्पिटलात नेली.

दोन तासांनी डॉक्टर बाहेर आल्या.

"चार बोटं तुटली होती, चारही मिळाली. अंगठा शाबूत आहे." त्यांनी पिशवी माझ्यापुढे धरली. "मग हे पाचवं कुणाचं?"

मी पिशवीत हात घातला. बर्फात दोन तास राहूनही ते गरम होतं.